इसारपावती, सुतक आणि विवाहविमा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल समयी विवाह रद्द होण्याची गोष्ट काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. ज्या घरात लग्न ठरले आहे तिथे तर असा शब्दही कोणी उच्चारू देत नाही. घरातील वडीलधारी स्त्री लगेच ‘शुभ बोला’ म्हणून गप्प करते. तथापि दुकानाचा आगीचा विमा काढणारा व्यापारी दुकान जळावे अशी इच्छा करीत नाही, आणि हळदीच्या गोदामाला विमा असला म्हणून पाऊस अधिक पडत नाही. व्यापारी समाजाने ज्या सावधपणाने पेढी सांभाळली, तो सावधपणा घरच्या कार्याच्या वेळी मात्र ओट्यावर ठेवून दिला जातो. दुकानात पाचशे रुपयांच्या मालावर बिल मागणारा गृहस्थ लेकीच्या लग्नात लाख-दीड लाखाचा इसार नुसत्या शब्दावर देऊन मोकळा होतो. बहुतेकदा तो शब्द पाळलाही जातो, यात शंका नाही. प्रश्न उरतो तो कार्य होऊच न शकलेल्या प्रसंगाचा.

हिंगोलीसारख्या गावात एका विवाहासाठी किती जणांशी व्यवहार होतो, हे एकदा बोटांवर मोजून पाहावे. मंगल कार्यालय, मंडप व डेकोरेशन, आचारी किंवा केटरर, बँड, घोडी, फोटो व व्हिडिओ शूटिंग, जनरेटर, पाण्याचे जार, पाहुण्यांसाठी लक्झरी बस, पत्रिका छापणारा, मेंदीवाली, सोनार आणि बस्ता बांधणारा कापड दुकानदार. म्हणजे डझनभर करार झाले. कायद्याच्या दृष्टीने तोंडी ठरलेले बोलणेही करारच असते. मात्र या डझनभर करारांपैकी कागदावर उतरतात ते दोन किंवा तीन, आणि त्या कागदावरही बहुधा एकच वाक्य ठळक छापलेले असते : ‘इसार परत मिळणार नाही.’

हे वाक्य किती अपुरे आहे, याचा प्रत्यय साऱ्या महाराष्ट्राला सन २०२० मध्ये आला. १३ मार्च २०२० रोजी राज्यात साथरोग कायदा लागू झाला आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी आली. चैत्र-वैशाखाचा तो ऐन हंगाम होता. हळद काढून, शिजवून, वाळवून हिंगोली-वसमतच्या बाजारात आणायची आणि आलेल्या पैशात कार्य उरकायचे, असा या भागाचा रिवाज. त्या वर्षी २६ एप्रिलला अक्षय तृतीया होती, आणि एकाही कार्यालयाचे कुलूप उघडले नाही. मालेगावच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या जवानांना लागण झाल्याचे याच सुमारास निष्पन्न झाले, आणि आजवर मुंबई-पुण्याची बातमी वाटणारी साथ हिंगोलीच्या दाराशी आली. १ मे रोजी केंद्राने पन्नास माणसांत विवाह करण्याची मुभा दिली. पाचशे पानांच्या जेवणावळीचा इसार देऊन बसलेल्या वधूपित्याने पन्नास माणसांची मुभा घेऊन काय करायचे, हे मात्र त्या आदेशात नव्हते.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. १ ते ७ मार्च २०२१ या काळात हिंगोली जिल्ह्यात संचारबंदी होती. २२ एप्रिल २०२१ पासून राज्य शासनाने विवाहास पंचवीस माणसे, एकच सभागृह आणि दोन तास अशी मर्यादा घातली. उल्लंघन झाल्यास पन्नास हजार रुपये दंड. १४ मेची अक्षय तृतीया त्यातच गेली. पहिल्या वर्षी तारीख पुढे ढकललेल्या अनेक घरांवर दुसऱ्या वर्षीही तीच वेळ आली.

त्या दोन हंगामांत या डझनभर करारांचे जे झाले ते सर्वांच्या स्मरणात आहे. कोणी इसार पुढच्या तारखेला वळता करून घेतला, कोणी अर्धा परत केला, कोणी फोन घेणे बंद केले. पण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. आचाऱ्याने हाताखालच्या माणसांना उचल दिलेली, मंडपवाल्याने नवे कापड व झुंबरे कर्जाने घेतलेली, बँडवाल्याने वादकांना हंगामभरासाठी बांधून ठेवलेले. घोडीवाल्याच्या घोडीला तर टाळेबंदीतही दोन वेळा चारा लागत होता. ज्याच्या हातात इसार पडला तो त्या पैशावर बसून राहिला होता, असे समजणे अन्यायाचे होईल. गावात वधूपिता, कार्यालयाचा मालक आणि केटरर एकाच मंदिरात दर्शनाला येतात, एकाच पंगतीला बसतात. पन्नास हजारांच्या इसारावरून दोन घरांचे बोलणे बंद होते, आणि मग पर्युषणातील क्षमायाचनाही तोंडदेखली उरते. हे नुकसान कुठल्याही पावतीवर लिहिलेले नसते.

कायदा यात काय सांगतो? भारतीय करार कायदा सन १८७२ चा. त्याचे कलम ५६ असे की, करार झाल्यानंतर ती गोष्ट करणे अशक्य किंवा बेकायदेशीर झाले, तर करार तिथेच निरर्थक ठरतो. आणि कलम ६५ असे की, निरर्थक ठरलेल्या कराराखाली ज्याने लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. शासनाच्या आदेशाने कार्यालयाला कुलूप लागले, तर ही दोन्ही कलमे उघड लागू पडतात. मग ‘इसार परत मिळणार नाही’ या वाक्याच्या आधाराने सगळी रक्कम ठेवून घेणे कठीण होते. मात्र आचाऱ्याने आधीच केलेल्या खर्चाची वाटणी कशी करायची, याचा तपशील कलम ६५ देत नाही. तो भाग समजुतीवर किंवा न्यायालयावर सोडलेला आहे.

या प्रश्नावरचा जगातील सर्वांत गाजलेला खटला एका समारंभाच्याच संदर्भात झाला. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाची मिरवणूक लंडनमध्ये २६ व २७ जून १९०२ रोजी निघायची होती. हेन्री नावाच्या गृहस्थाने मिरवणूक पाहण्यासाठी रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवस दिवसाच्या वेळेपुरत्या ७५ पौंडांना ठरवल्या आणि २५ पौंड आगाऊ दिले. राजा ॲपेंडिक्सच्या दुखण्याने आजारी पडला व मिरवणूक रद्द झाली. खोल्यांचे मालक क्रेल यांनी उरलेल्या ५० पौंडांसाठी दावा लावला. खोल्या तर होत्याच, त्यात बसायला कोणी अडवले नव्हते. पण मिरवणूकच नसताना खोल्यांचा उपयोग काय? सन १९०३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की उरलेले ५० पौंड देण्याची गरज नाही. आगाऊ दिलेले २५ पौंड मात्र हेन्री यांना मिळाले नाहीत. त्यांनी ती मागणी अपिलात सोडून दिली होती. पुढच्याच वर्षी अशाच दुसऱ्या प्रकरणात इंग्रजी न्यायालय म्हणाले की रद्द होण्यापूर्वी जे दिले ते गेले. नुकसान ज्याच्या अंगावर पडले त्याच्याच अंगावर राहील. ही चूक दुरुस्त व्हायला इंग्लंडला १९४३ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने आगाऊ रक्कम परत करण्याचा व केलेला खर्च त्यातून वजा करण्याचा मार्ग खुला झाला. परत करण्याचे तत्त्व आपल्या कलम ६५ मध्ये त्याच्या सत्तर वर्षे आधीपासून लिहिलेले होते, ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी आहे. सन २०२० मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणानेही विवाह-व्यावसायिकांना हेच बजावले : कायद्याने समारंभच होऊ शकत नसेल तर रक्कम परत द्यावी, फार तर आधी झालेला मर्यादित खर्च कापावा.

इथपर्यंत महामारीचा विचार झाला. पण महामारी शंभर वर्षांत एखादी येते. विवाह पुढे ढकलण्याचे आपल्या घरातील नेहमीचे कारण वेगळेच आहे, आणि आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. ते कारण म्हणजे सुतक.

विवाहाला आठ दिवस उरले असताना वराच्या चुलत आजोबांचे देहावसान होते. वय नव्वदीच्या घरात, प्रकृती बरेच दिवस तोळामासा. भावकीला सुतक लागते. सुतकाचे दिवस पिढीनुसार कमी-अधिक होतात, परंपरेनुसार त्यांची मोजणीही भिन्न आहे. परंतु त्या दिवसांत पूजा-विधान करायचे नाही, मग मंगलकार्य कसे करायचे, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांसमोर येतो. कार्य पुढे जाते. आता त्याच प्रसंगाकडे कायद्याच्या डोळ्यांनी पाहावे. कार्यालय उघडे आहे, आचारी तयार आहे, रस्ते चालू आहेत, वधू-वर सुखरूप आहेत. काहीच अशक्य झालेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने सन १९५४ मध्ये सत्यव्रत घोष यांच्या खटल्यात कलम ५६ मधील ‘अशक्य’ शब्दाचा अर्थ थोडा सैल केला खरा. कराराचा पायाच उखडला गेला तर तेही अशक्यच, असे म्हटले. पण त्याच खटल्यात केवळ विलंब झाला म्हणून करार संपला असे मानण्यास न्यायालयाने नकार दिला. सुतक म्हणजे कायद्याच्या भाषेत विलंबच. चुलत आजोबांच्या निधनाने मंगल कार्यालयाशी झालेला करार मोडतो, हे कोणत्याही न्यायालयात पटवून देणे अवघड आहे. म्हणजे तारीख पुढे ढकलणारा वधूपिता कायद्याच्या हिशेबात स्वतः करार मोडणारा ठरतो.

करार मोडणाऱ्याची रक्कम किती जप्त करता येते, याविषयी मात्र कायदा व्यापाऱ्याला समजेल असा आहे. कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळेल, आणि ती लिहिलेल्या रकमेहून अधिक असणार नाही. सन १९६३ चा फतेहचंद यांचा खटला याचा आधार. दिल्लीतील घराच्या सौद्यात १,००० रुपये इसार म्हणून आणि २४,००० रुपये ताबा घेताना दिले गेले होते. सौदा मोडल्यावर विक्रेत्याने पूर्ण २५,००० ठेवून घेतले. न्यायालयाने इसाराचे १,००० ठेवू दिले. उरलेल्या २४,००० वर हात मारू दिला नाही. म्हणजे इसार वेगळा आणि आगाऊ हप्ता वेगळा. कार्यालयाने पूर्ण भाड्याची रक्कम महिनाभर आधी भरून घेतली आणि तिलाच ‘इसार’ नाव दिले, तरी नावाने तिचा स्वभाव बदलत नाही.

सन १९६९ चा मौलाबक्ष यांचा खटलाही असाच. तो लष्कराला बटाटे पुरवण्याच्या मक्त्याचा होता. कंदमुळांचा व्यवहार म्हणून या सभेने तेवढ्यापुरते कान झाकावेत, पण निकाल ऐकावा. मक्ता मोडला म्हणून सरकारने अनामत जप्त केली. न्यायालयाने विचारले, सरकारचे नुकसान किती झाले? ते सिद्ध करणे शक्य असताना सरकारने सिद्ध केले नव्हते, म्हणून अनामत परत द्यावी लागली. आणि सन २०१५ मध्ये कैलासनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात तर तोच भूखंड पुढे कितीतरी चढ्या भावाने विकला गेला होता. तोटाच नाही तर भरपाई कसली, असे न्यायालयाने म्हटले. त्या प्रकरणात खरेदीदाराची चूकही नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही धडा स्पष्ट आहे. समजा कार्यालयाचे भाडे एक लाख, भरलेली रक्कम चाळीस हजार, आणि दोन महिने आधी तारीख सोडली. त्याच तारखेला दुसरे कार्य पूर्ण भाड्याने झाले. मग पहिल्याचे चाळीस हजार मालक कोणत्या नुकसानीपोटी ठेवणार? ऐन सातव्या दिवशी तारीख सोडली व हॉल रिकामा राहिला, तर गोष्ट निराळी. तिथे मालकाचे म्हणणे रास्त आहे.

आता विम्याकडे वळू. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतातील काही सर्वसाधारण विमा कंपन्यांनी विवाहाची पॉलिसी बाजारात आणली. समारंभाचा विमा ही कल्पना आपल्या लोकांना नवी नाही. मुंबईच्या किंग्ज सर्कल येथील जीएसबी सेवा मंडळाच्या गणेशोत्सवाचा सन २०२३ मधील सुमारे ३६० कोटी रुपयांचा विमा सर्व वृत्तपत्रांत गाजला होता. आकडा डोळे दिपवणारा. पण त्यातील २८९.५० कोटी रुपये स्वयंसेवक, पुजारी इत्यादींच्या वैयक्तिक अपघातासाठी होते. विम्याचा एकूण आकडा पाहून भारावू नये, आतले भाग वेगवेगळे वाचावेत, हे यातून शिकण्यासारखे आहे.

विवाहाच्या पॉलिसीचेही असेच चार भाग असतात. कार्य रद्द किंवा स्थगित झाल्यास बुडालेला खर्च. मंडप, सजावट, दागिने यांची आग-चोरीपासून हानी. पाहुण्याला इजा झाल्यास येणारी जबाबदारी. आणि वधू-वर व जवळच्या नातेवाइकांचा अपघात. हप्ता विमारकमेच्या मानाने फार नसतो, साधारण शेकड्याला एक-दोन रुपयांच्या आसपास. बँडच्या बिदागीहून कमीच. मग तक्रार कशाची? तक्रार अशी की रद्द होण्याची कारणे पॉलिसीत नावानिशी मोजून दिलेली असतात. आग, भूकंप, पूर, वधू-वरांचा किंवा पॉलिसीत नमूद केलेल्या निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू अथवा गंभीर अपघात. या यादीबाहेरचे कारण म्हणजे शून्य. दोन घरांत बेबनाव होऊन लग्न मोडले, मुलाने वा मुलीने ऐनवेळी नकार दिला, देण्या-घेण्यावरून बोलणी फिसकटली, तर कोणतीही कंपनी पैसे देत नाही. आणि देऊही नयेत, कारण ते माणसाच्या हातातले कारण आहे. आधीपासून माहीत असलेल्या आजाराचेही तसेच. टाळेबंदीचे कारण बहुतेकांच्या यादीत नव्हते; महामारीनंतर तर ते स्पष्ट शब्दांत वगळण्याकडे जगभरच्या कंपन्यांचा कल झाला.

आणि चुलत आजोबा? ‘निकटचे नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या पॉलिसीत दिलेली असते. त्यात आई-वडील येतात, सख्खी भावंडे येतात, कुठे आजी-आजोबा येतात. भावकी येत नाही. विमा कंपनीचे कुटुंब रेशनकार्डाएवढे असते आणि सुतकाचे कुटुंब वंशावळीएवढे. म्हणजे ज्या कारणाने आपल्या समाजातील कार्ये प्रत्यक्षात पुढे ढकलली जातात, ते कारण कायद्याच्या ‘अशक्य’मध्ये बसत नाही, पॉलिसीच्या यादीत सापडत नाही आणि इसारपावतीवर लिहिलेले नसते. तिन्ही दारे बंद. यांपैकी कायदा आपल्याला बदलता येणार नाही, आणि कंपनीचा छापील मसुदा एका घराच्या सांगण्यावरून बदलणे दुरापास्त. इसारपावती मात्र गावातच छापली जाते.

तरीही विमा निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. उघड्या मैदानात मंडप असेल, विजेची रोषणाई मोठी असेल, पाहुण्यांची बस लांबून यायची असेल, तर पॉलिसी जरूर घ्यावी. फक्त ती पत्रिका छापण्याच्या सुमारास घ्यावी, चार दिवस आधी नव्हे. कंपन्या सहसा पत्रिका मागतात. तेव्हा कार्याचे सर्व दिवस व सर्व ठिकाणे, हळद, मेंदी, स्वागतसमारंभ, त्या पत्रिकेत आलेली असावीत. प्रस्तावात आजी-आजोबांची नावे घालता येतात का, हे एजंटला तोंडी न विचारता लेखी विचारावे. आणि दावा करायची वेळ आली तर प्रत्येक इसाराची पावती लागते. ज्याने बारा जणांना रोख व बिनपावतीचे पैसे दिले, त्याने पूर्ण हप्ता भरूनही बारा आण्यांचा दावा सिद्ध होत नाही. सन २०१६ च्या नोटाबंदीत रिझर्व्ह बँकेने घरच्या विवाहासाठी अडीच लाख रुपये काढण्याची मुभा दिली, ती कोणाला किती द्यायचे याची यादी व पुरावे जोडण्याच्या अटीवर. कित्येक घरांत लग्नाच्या खर्चाची पहिली व्यवस्थित यादी तेव्हा झाली, तीही नाइलाजाने.

बस्त्याचा विषय थोडा निराळा आहे. कापड हा माल आहे, सेवा नव्हे. सन १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे माल निवडला, किंमत ठरली व गाठोडे घरी गेले की मालकी बदलली. लग्न पुढे गेले किंवा मोडले म्हणून दुकानदार कायद्याने बांधील नाही. पण कापडबाजार निव्वळ कायद्यावर चालत आलेला नाही. घडी न मोडलेली साडी, फॉल-पिको न केलेले लुगडे, न फाडलेला ताका परत घेण्याची किंवा बदलून देण्याची रीत जुनी आहे. ब्लाउजचे कापड फाडले, शेरवानी मापाने शिवली, शालूवर नाव विणून घेतले, तर ते परत घेता येत नाही; ते गिऱ्हाईकही समजते. भांडण होते ते मधल्या मालावर : मानपानाच्या पन्नास साड्या, टॉवेल-टोपीचे गठ्ठे. हंगाम संपल्यावर हा माल परत आला तर तो पुढच्या हंगामापर्यंत पडून राहतो, आणि दुकानदाराने वर सुरतेच्या आडत्याला रक्कम चुकती केलेली असते. तेव्हा बस्त्याच्या बिलावरच दोन ओळी असाव्यात : कोणता माल, किती दिवसांत, रोख की बदली. रोखीने परत घेणे दुकानदाराला जड जाते. बदलीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. लग्न मोडलेल्या घराला मात्र बदली नकोच असते. त्या घरातील मुलीच्या आईला पुन्हा त्या दुकानाची पायरी चढायची नसते. तिथे दुकानदाराने माणूस पाठवून गाठोडे आणवावे आणि रक्कम पोचवावी. असे करणारे दुकानदार या जिल्ह्यात होते व आहेत.

जे इसार घेतात त्या बंधूंनाही हिशेबाचे एक सांगणे आहे. जीएसटीच्या पद्धतीत सेवेच्या आगाऊ रकमेवरही कर भरावा लागतो. कार्य रद्द होऊन रक्कम परत केली तर त्या कराचे काय, ही भीती सन २०२० मध्ये अनेकांना होती, आणि ‘कर भरून बसलो, आता परत कुठून देऊ’ असे उत्तर ग्राहकाला दिले जाई. १३ एप्रिल २०२० च्या परिपत्रकाने (क्रमांक १३७) हा खुलासा झाला आहे : बिल दिले असेल तर क्रेडिट नोट द्यावी, फक्त पावती दिली असेल तर परतावा व्हाउचर द्यावे, आणि भरलेला कर विहित मार्गाने वळता करून घ्यावा वा परत मागावा. तेव्हा कर हे इसार अडवून ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

समेट झालाच नाही तर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाविरुद्ध तक्रार असली तरी ती आता तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ‘इसार परत मिळणार नाही’ हे वाक्यच अन्यायकारक करारात मोडते असे म्हणायचे असेल, तर मात्र त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते, जिल्हा आयोगाकडे नाही. राज्य आयोगाच्या चकरा आणि वकिलाची फी यांचा हिशेब करून मगच त्या वाटेला लागावे. चाळीस हजारांसाठी तो मार्ग क्वचितच परवडतो.

त्यापेक्षा स्वस्त मार्ग पावतीपुस्तकाचा आहे. हिंगोली जिल्ह्यातील आपल्या समाजाची कार्यालये, धर्मशाळा व मंदिरांची सभागृहे, तसेच कार्ये घेणारे समाजबांधव यांनी ‘परत मिळणार नाही’ हे एक वाक्य काढून त्या जागी चार वाक्ये छापावीत. ती काहीशी अशी असतील :

‘सरकारी आदेश, पूर, आग अथवा अशा कारणाने कार्यालय वापरणे अशक्य झाल्यास, प्रत्यक्ष झालेला खर्च पावतीनिशी वजा करून उर्वरित रक्कम तीस दिवसांत परत मिळेल. वधू अथवा वर पक्षास सुतक अथवा सोयर आल्यास कार्य एक वर्षाच्या आत उपलब्ध तारखेस त्याच दराने, जादा आकार न घेता, एकदा पुढे नेता येईल. सुतकाबाबत समाजातील दोन ज्येष्ठ व्यक्तींचे लेखी म्हणणे पुरेसे मानले जाईल. अन्य कारणाने कार्य रद्द केल्यास साठ दिवस आधी कळविल्यास इसाराचा चौथा हिस्सा, तीस दिवस आधी कळविल्यास निम्मा, व त्यानंतर कळविल्यास पूर्ण इसार कापला जाईल. सोडलेल्या तारखेस दुसरे कार्य ठरल्यास कापलेली रक्कम परत केली जाईल.’

हे आकडे देवाने सांगितलेले नाहीत. तीसचे वीस करावेत, चौथ्याचा पाचवा हिस्सा करावा. आचाऱ्यासाठी निराळे कलम लागेल, कारण त्याचा खर्च शेवटच्या चार दिवसांत होतो. जैन पद्धतीचा स्वयंपाक, कंदमूळवर्ज्य आणि सूर्यास्तापूर्वी पंगत, हेही त्याच कागदावर आलेले बरे. फोटोवाल्याला मात्र तारीख गेली की ती परत मिळत नाही, म्हणून त्याचा इसार थोडा कडक असू द्यावा. ‘एकदा’ हा शब्द कलमातून कोणी गाळू नये. सन २०२०-२१ मध्ये ज्यांनी तीन-तीन वेळा तारखा बदलल्या, त्यांच्यामुळे कार्यालयवाल्यांची वही कशी झाली होती, हे त्यांनाच विचारावे.

काही ज्येष्ठांचा आक्षेप असा की सुतक छापील कागदावर आणणे हेच अशुभ. त्यावर उपाय सोपा आहे. कलम पावतीच्या मागच्या बाजूला छापावे. पुढच्या बाजूला स्वस्तिक आणि ‘श्री’ जसेच्या तसे राहू द्यावे. ट्रस्टचे चालू पावतीपुस्तक संपेल, तेव्हा नव्या पुस्तकाचा मसुदा छापखान्यात जाण्यापूर्वी एक दिवस सभागृहाच्या फलकावर लावावा, म्हणजे ज्यांना हरकत घ्यायची आहे त्यांना ती लेखी घेता येईल.

जय जिनेंद्र.